मुक्तांगण विज्ञान शोधिका
पुणे विद्यापीठाच्या आवारातील 'आयुका' या खगोलशास्त्र संस्थेचे बालविज्ञान केंद्र. पु. ल. देशपांडे प्रतिष्ठानच्या देणगीतून उभ्या राहिलेल्या त्याच्या इमारतीला सप्तर्षींतील 'पुलस्त्य' ताऱ्याचे नाव आहे. शाळकरी मुले येथे भौतिकीची तत्त्वे स्वतः खेळणी बनवून शिकतात. अरविंद गुप्ता (पद्मश्री, 2018) यांनी दशकभर येथे काम करून टाकाऊ वस्तूंच्या खेळण्यांची परंपरा रुजवली.

साधी विद्युत मोटर हे त्यांपैकी एक खेळणे. बॅटरीच्या सेलच्या दोन्ही टोकांना रबरबँडने सेफ्टी पिना बसवतात, सेलवर लोहचुंबक चिकटवतात आणि पिनांच्या भोकांत तांब्याच्या तारेचे वेटोळे अडकवतात. तारेच्या टोकांवरचे वीजरोधक इनॅमल खरवडताना एका टोकाची एक बाजू तशीच राखतात. त्यामुळे फेरीच्या काही भागात प्रवाह खंडित होतो, उलटा झटका बसत नाही आणि वेटोळे फिरत राहते. इनॅमल सगळीकडून खरवडले, तर वेटोळे नुसते डुलते. ही चूक स्वतः करून, स्वतः दुरुस्त करणाऱ्या मुलाला मोटरमधला प्रवाह योग्य वेळी तोडणाऱ्या किंवा उलटवणाऱ्या दिक्परिवर्तकाचे (कम्युटेटरचे) कार्य पाठ करावे लागत नाही; हेच या पद्धतीचे मोल होय.