‘संत तुकाराम’ आणि जिजाईची चूल

सर्व कलांत चित्रपटाची कला अल्पायुषी. फीत झिजते, यंत्रें बदलतात, आणि काल ज्या थाटानें डोळे दिपले तोच आज हास्यास्पद वाटतो. असें असतां १२ डिसेंबर १९३६ रोजीं मुंबईंत प्रथम झळकलेला प्रभात फिल्म कंपनीचा ‘संत तुकाराम’ हा बोलपट ऐंशीहून अधिक वर्षें लोटल्यावरही मराठी कुटुंबांत आजी-नातवंडें एकत्र बसून पाहतात. मुंबईंत तो ५७ आठवडे चालला. १९३७ सालीं व्हेनिसच्या महोत्सवांत त्याचा गौरव झाला. परंतु तत्कालीन यश हें टिकाऊपणाचें कारण होऊं शकत नाहीं. तें कारण अन्यत्र शोधिलें पाहिजे.

‘लोक भाविक आहेत, म्हणून संतपट चालतात’ हें नेहमींचें उत्तर. तें पुरेसें नाहीं. याच प्रभातनें आदल्याच वर्षीं, १९३५ सालीं, एकनाथांच्या चरित्रावर ‘धर्मात्मा’ काढला होता. दिग्दर्शक शांताराम आणि एकनाथांच्या भूमिकेंत साक्षात् बालगंधर्व! विषय तितकाच पवित्र, नट अधिक कीर्तिमान. तरी ‘तुकारामा’चें भाग्य त्याच्या वांट्यास आलें नाहीं. तेव्हां केवळ भाविकपणा हें कारण मानतां येत नाहीं.

दुसरें उत्तर गाण्यांचें. आणि त्यांत बरेंच तथ्य आहे. संगीत केशवराव भोळे यांचें, तुकोबांच्या भूमिकेंत विष्णुपंत पागनीस. पागनीस हे पूर्वीं रंगभूमीवर स्त्रीभूमिका करीत. परंतु येथें नाटकी तानबाजीचा मागमूसही नाहीं. माजघरांत बसून कोणी भजन म्हणावें, तसे ते गातात. हा साधेपणा आपोआप आलेला नाहीं. तो जाणूनबुजून साधिलेला आहे. आरंभींच पाहा. तुकोबा ज्या शब्दांनीं देवाला आळवितात, तेच शब्द आपले म्हणून सालोमालो देवळांत ठसक्यानें आणि हावभावांसह गातो. शब्द एकच, पण एकाचें तें गाणें आणि दुसऱ्याचा तो बाजार, हें लहान मुलासही कळतें. संगीताची एवढी मार्मिक टीका संगीतानेंच क्वचित् केली असेल.

याच चित्रपटासाठीं शांताराम आठवले यांनीं बीज आणि तरु यांच्या दृष्टान्ताचें एक पद रचलें. तें इतकें अस्सल उतरलें कीं, अनेक श्रोत्यांनीं तें तुकोबांचेंच समजून गाथेंत शोधिलें. सालोमालोनें तुकोबांचे शब्द स्वतःच्या नांवावर खपविले. आठवल्यांचे स्वतःचे शब्द मात्र लोकांनीं तुकोबांच्या नांवावर जमा केले. कवीच्या दृष्टीनें यांत तोटा कीं लाभ, हें ज्याचें त्यानें ठरवावें. आमच्या मतें याहून मोठी पावती नाहीं.

तथापि गाणीं गोड असलेले कितीतरी बोलपट विस्मृतींत गेले. ‘तुकारामा’स खरा आधार मिळाला तो जिजाईचा. ही भूमिका गौरी या नटीनें केली. तोंडाळ, कष्टाळू, नवऱ्यावर जीव असलेली आणि त्याच्या देवावर संतापलेली अशी ही बाई. घरांत दाणा नाहीं, पोरें उपाशी, आणि कर्ता पुरुष टाळ घेऊन बसलेला! मूल आजारी पडतें, तेव्हां ती हातांत पायताण घेऊन थेट विठोबाच्या देवळांत शिरते. संतांच्या चरित्रांत बायको बहुधा खाष्ट म्हणून हंशासाठीं येते. येथें हंशा पिकतो खरा, पण तो तिच्यावर पिकत नाहीं. कारण तिचें म्हणणें खोटें नाहीं, हें प्रेक्षकांतील प्रत्येक गृहिणी जाणते. दिग्दर्शक दामले आणि फत्तेलाल यांपैकीं दामले ध्वनिलेखनांतले आणि फत्तेलाल कलायोजनेंतले. एकाचे कान आणि दुसऱ्याचे डोळे यांमुळें चूल, गोठा, अंगण हीं सारीं खरीं वाटतात. आणि घर खरें वाटल्यामुळेंच पुढचे चमत्कार पचतात.

इतिहासाच्या बाजूनें मात्र कांहीं हरकती घेणें आमचें कर्तव्य आहे. महीपतीनें अठराव्या शतकांत नोंदविलेली परंपरा चित्रपटाहून अधिक दारुण आहे. तुकोबांची पहिली बायको दुष्काळांत अन्नावांचून गेली, असें ती सांगते. १६३० च्या सुमारास दख्खनेंत पडलेला तो भीषण दुष्काळ इतिहासास ठाऊक आहे. घरचा सावकारीचा व्यवहार होता. त्याचीं खतें तुकोबांनीं इंद्रायणींत बुडविलीं, पण तत्पूर्वीं धाकट्या भावाचा अर्धा वांटा त्याच्या स्वाधीन केला. स्वतःचें येणें सोडण्याचा अधिकार आपणांस आहे, दुसऱ्याचें सोडण्याचा नाहीं, हा केवढा विवेक! चित्रपटांतील तुकोबा भोळे दिसतात. परंपरेंतील तुकोबा हिशेब पुरा समजून तो सोडणारे आहेत. शिवाय शूद्रानें धर्माचा अर्थ सांगावा कीं नाहीं, हा जो मूळचा झगडा, त्याचा बराचसा भार चित्रपटानें सालोमालो या एका दुष्टाच्या शिरावर टाकिला. समाजाचा दोष एका माणसावर ढकलला कीं प्रेक्षक निश्चिंत मनानें घरीं जातो. ही उणीव लहान नव्हे.

परंतु एका बाबतींत चित्रपट इतिहासाशीं प्रामाणिक राहिला: कर्ज आणि भूक यांच्याशीं. आमच्या वाशीम जिल्ह्यांत बसून हें विशेष जाणवतें. हें प्राचीन वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. येथील राजा सर्वसेन यानें ‘हरिविजय’ हें काव्य संस्कृतांत न रचतां प्राकृतांत रचलें. लोकांच्या बोलींत देवाचें गाणें गाण्याची आवड या भूमीस तुकोबांहून सुमारें तेरा शतकें जुनी आहे. शेगांवची पालखी पंढरीस जातांना याच जिल्ह्यांतून, रिसोडवरून पुढें सरकते, आणि वाटेवरचे शेतकरी नांगर सोडून तिला सामोरे जातात. त्याच शेतकऱ्यांसाठीं २००६ सालीं केंद्र सरकारनें विदर्भांतील सहा जिल्ह्यांना खास साहाय्य जाहीर केलें, त्यांत वाशीमचें नांव होतें. कारण कर्जापायीं होणाऱ्या आत्महत्या. धनी निघून गेला आणि मागें बायको, पोरें व सावकाराचें देणें राहिलें, अशीं घरें या भागांत आहेत. त्या घरांतील बाईस जिजाई ही सतराव्या शतकांतील वाटत नाहीं.

म्हणूनच या चित्रपटाचा शेवट आम्हांस त्याच्या कीर्तीचें मर्म वाटतो. तुकोबा वैकुंठास निघतात, जिजाईलाही चला म्हणतात. ती मात्र मागें राहते. तिला घर आहे, मुलें आहेत. विमान वर जातें आणि ती खालून पाहत राहते. भाविक प्रेक्षकाची दृष्टि त्या वेळीं आकाशाकडे लागते, आणि ती लागावी अशीच योजना आहे. परंतु दिग्दर्शकांनीं जमिनीवरच्या बाईस पुसून टाकिलें नाहीं. मोक्ष थोर खरा. पण उद्यांची भाकरी कोणी तरी थापावीच लागते, ही गोष्ट त्यांनीं न बोलतां सांगितली.

ज्या घरांत भक्ति आणि भाकरी यांचा तंटा अजून मिटलेला नाहीं, त्या घरांत हा चित्रपट जुना होणार नाहीं. नव्या पिढीला तो दाखवितांना वडीलधाऱ्यांनीं एवढेंच करावें: तुकोबांना हात जोडल्यावर मुलांना क्षणभर थांबवून विचारावें कीं, दुसऱ्या दिवशीं सकाळीं जिजाईनें काय केलें असेल?