सर्पगंधेची कुळकथा

अमेरिकेतील लास्कर पारितोषिकाच्या १९५७ सालच्या यादीत, मनोविकारांवरील नव्या औषधांचे श्रेय ज्यांच्या पदरी पडले त्या पॅरिस, माँट्रियल आणि न्यू यॉर्क येथील चिकित्सकांच्या पंक्तीत, मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांचे नाव मला आढळले. आणि ज्यांचा सारा व्यवहार नाडी, हृदय व रक्तदाब यांच्याशी, त्यांचा उन्मादचिकित्सेशी संबंध काय, या जिज्ञासेने, ज्या वनस्पतीने त्यांना त्या पंक्तीत नेले त्या सर्पगंधेच्या कुळाचा शोध घेणे भाग पडले.

सर्पदंशावर आणि बिहार-बंगालकडे वेडावर सर्पगंधेचे मूळ देण्याचा प्रघात सर्वश्रुत आहे. त्याच्या शास्त्रीय नावात मात्र सोळाव्या शतकातील आउग्सबुर्गचा वैद्य राउवोल्फ बसला आहे, जो सिरिया-इराकपर्यंत फिरला, पण हिंदुस्थानात कधीच आला नाही!

वडिलकीचा पहिला दावा कलकत्त्याचा. गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी १९३१ मध्येच उन्माद व रक्तदाब या दोहोंवरील औषध म्हणून सर्पगंधेविषयी निबंध प्रसिद्ध केला होता, आणि तो अग्रमान कोणीही हिरावून घेऊ नये. दुसरा दावा अहमदाबादच्या डॉ. हकीमांचा; मनोरुग्णांवरील त्यांच्या प्रयोगांची वार्ता १९५३ मध्ये वृत्तपत्रात वाचून न्यू यॉर्ककडील रॉकलँड येथील वेड्यांच्या इस्पितळातील नेथन क्लाइन या औषधाकडे वळला, असे सांगतात. दोन्ही दाखले मला मान्य आहेत. तथापि अग्रमान निराळा आणि वंशसातत्य निराळे. वकिलांनी उच्च रक्तदाबाच्या ५० रुग्णांवरील अनुभव १९४९ मध्ये ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये मांडला, त्यावरून बोस्टनच्या रॉबर्ट विल्किन्सने हे मूळ मागवून आपल्या रुग्णांना दिले, आणि रक्तदाबाबरोबर त्यांच्या मनाची तगमगही शमते हे त्याच्या ध्यानी आले. वेड्याचे वेड उतरले की नाही याविषयी दोन वैद्यांत मतभेद होतील, पण रक्तदाबमापकातील पाऱ्याची पातळी दोघांनाही एकच दिसते. म्हणूनच जे मूळ उन्मादाच्या दारावर अडखळले असते ते रक्तदाबाच्या दाराने पश्चिमेच्या वैद्यकात निर्वेध शिरले, असे माझे ठाम मत आहे. हकिमांची वार्ता क्लाइनपर्यंत पोहोचली तेव्हा अमेरिकेत सर्पगंधा अपरिचित राहिली नव्हती, ही गोष्ट त्यांचे पक्षकार विसरतात.

दरम्यान १९५२ मध्ये बाझल येथील सिबा कंपनीच्या म्युलर, श्लिटलर आणि बाइन यांनी सर्पगंधेच्या मुळातून रेसर्पिन हे गुणकारी द्रव्य वेगळे केले होते. क्लाइनचा अनुकूल निबंध १९५४ चा. वेड्यांच्या इस्पितळांतील रेसर्पिनची सद्दी मात्र अल्पकाळच टिकली, कारण फ्रान्समधून आलेले क्लोरप्रोमाझिन अधिक त्वरेने गुण देई.

तरीही कुळ खुंटले नाही. रेसर्पिन घेणाऱ्या रक्तदाबाच्या काही रुग्णांना घोर विषादाने ग्रासले. तिकडे ब्रोडी, प्लेट्शर आणि शोर या संशोधकांनी १९५५ मध्ये दाखविले की या द्रव्याने मेंदूतील सेरोटोनिन या रसायनाचा साठा रिता होतो. ही दोन निरीक्षणे एकत्र येताच विषादाची रासायनिक मीमांसा सुरू झाली. ब्रोडीकडे काम करून स्वीडनला परतलेल्या आर्विड कार्लसनने १९५७ मध्ये रेसर्पिनने निश्चेष्ट पडलेल्या सशांना एल-डोपा हे द्रव्य टोचले, तेव्हा ते पुन्हा हालचाल करू लागले. त्याच वाटेने पुढे कंपवातावर एल-डोपाचा उपचार आला, आणि २००० साली कार्लसनला नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला.