तीन रेघा आणि एक टिंब

किनवटच्या मोंढ्यात कापसाच्या गाडीला टेकून उभे आहात ना? डोळे मिटा. उघडाल तेव्हा साल १९५४ असेल, आणि तुम्ही परळच्या एका गिरणीच्या सूतकताई खात्यात असाल.

आधी आवाज अंगावर येतो, मग दमट ऊब. हवेतली तूस नाकात जाऊन बसते. कोपऱ्यात एक तरुण फाळक्यावर सूत गुंडाळतोय. दीड वाराचा एक फेरा, असे ८० फेरे झाले की १२० वारांची लडी. ती तो काट्यावर ठेवतो. २० नंबरच्या सुताची लडी ५० ग्रेन भरायला हवी. ही भरली ५१.

“जाड निघतंय. चाक बदलतो,” मुकादम पान्याला हात घालतात.

“थांबा मुकादम.” तरुण आणखी तीन लड्या तोलतो, चारींची सरासरी काढतो आणि भिंतीवरच्या कागदावर टिंब देतो.

कागदावर तीन रेघा आहेत. मधली सरासरीची, वरची नि खालची हद्दीची. या हद्दी ना मालकाने ठरवल्या, ना गिऱ्हाइकाने. याच यंत्राच्या गेल्या काही आठवड्यांच्या वजनांतून त्या निघाल्या आहेत: अशा सरासऱ्या एरवी जेवढ्या हलतात, त्या प्रमाण विचलनाच्या तिप्पट वर, तिप्पट खाली. टिंब आत पडलंय. म्हणजे हा यंत्राचा नेहमीचा डोल. त्याच्यामागे धावून चाक बदललं, तर उद्या सूत बारीक येईल, परवा पुन्हा जाड. हात कधी आवरायचा हे शिकवते, म्हणून मला ही विद्या मोलाची वाटते. टिंब हद्दीबाहेर गेलं, किंवा सलग आठ टिंबं मधल्या रेघेच्या एकाच अंगाला पडली, की मात्र कारण शोधल्याशिवाय सोडायचं नाही.

त्या कागदाला हात लावा, आणखी ३० वर्षं मागे जाल. १६ मे १९२४, अमेरिकेतली वेस्टर्न इलेक्ट्रिक कंपनी. टेलिफोनची यंत्रं जमिनीत पुरलेली. एक बिघडलं की खोदकाम आलंच. तिथले अभियंते वॉल्टर शूहार्ट वरिष्ठांना जेमतेम पानभर टिपण देतात, त्यात हीच आकृती. १९४७-४८च्या हिवाळ्यात संख्याशास्त्रज्ञ महालनोबीसांच्या बोलावण्यावरून शूहार्ट भारतात आले, तेव्हा आपलं किनवट अजून निजामाच्या राज्यात होतं.

आता किनवटला परत या. विहिरीवरची मोटार पुन्हा जळाली आहे. एकदा जळाली म्हणून वाइंडिंगवाल्याला बोल लावू नका, डीपीलाही नको. दोन जळण्यांमध्ये किती दिवस गेले, त्याचं टिंब द्या. बिघाडाचे दिवस सरासरीच्या दोन्ही अंगांना सारखे पसरत नाहीत, म्हणून इथल्या हद्दी वेगळ्या हिशेबाने काढाव्या लागतात. पण टिंबं एकसारखी खाली उतरू लागली, तर ते डोळ्यांनाही दिसेल. एका मोटारीच्या तारखा थोड्याच असतात. गावातल्या सगळ्या मोटारींच्या एका वहीत उतरवा. पहिली तारीख आजची घाला.