बिशप येतील तेव्हा

माझ्या सासूबाईंचं दृढीकरण (कन्फर्मेशन) झालं तेव्हा त्या आठ वर्षांच्या होत्या, आणि त्याच रांगेत त्यांच्या मागे मिसरूड फुटलेला थोरला भाऊ उभा होता. यंदा माझा मुलगा तयारीच्या वर्गाला बसतोय. तिथे सगळी पोरं त्याच्याच वयाची, नववी-दहावीतली. हा फरक कसा पडला ते त्याला कळायला हवं असं मला मनापासून वाटतं, कारण तो इतिहास आमच्या किनाऱ्याचा आहे आणि धर्मशिक्षणाच्या पुस्तकात तो येत नाही.

आमचे पूर्वज बार्देशातून तेरेखोल ओलांडून सावंतांच्या मुलखात आले. कुणी करांना कंटाळून, कुणी इन्क्विझिशनच्या (१५६०–१८१२) धाकाने, कुणी कसायला जमीन मिळेल म्हणून. येताना तेर्स म्हणजे जपमाळेची प्रार्थना आणली, कोकणीतली मागणी आणली. बिशप मात्र गोव्यातच राहिले. बाप्तिस्मा गावचा पाद्री देतो, दृढीकरण सहसा बिशपांच्याच हातचं. १९१७च्या धर्मसंहितेने बिशपांना दर पाच वर्षांत सगळा धर्मप्रांत फिरायला सांगितलं होतं. आडवळणाच्या गावात ते पोचले की मधल्या वर्षांतली सगळी मुलं एकदम उभी करायची, वय कुणी बघायचं नाही. सासूबाई म्हणतात, "बिशप काय दरवर्षी येय नसत. इले की सगळ्यांका न्हेवन उभी करायची."

त्यांना दुसरी एक गोष्ट पक्की आठवते. कपाळावर तेलाचा क्रूस काढून झाला की बिशप गालावर हलकी चापट मारत: श्रद्धेसाठी सोसायची तयारी ठेव, एवढाच तिचा अर्थ. "माका कित्या मारल्यान म्हणान मी रडलंय," असं त्या अजून सांगतात. पोप सहावे पॉल यांनी १९७१ मध्ये विधी नव्याने घालून दिला, त्यात ही चापट राहिली नाही. तेल तेच, ऑलिव्हच्या तेलात सुगंधी बाल्सम मिसळून पवित्र आठवड्यात बिशपांनी आशीर्वादलेलं.

वयाचं कोडं त्याआधीच पडलं होतं. १९१० मध्ये पोप दहावे पायस यांनी सातेक वर्षांच्या मुलांना पहिला कम्युनियन द्यायला सांगितलं. पूर्वीच्या क्रमात दृढीकरण आधी यायचं, ते अनेक ठिकाणी मागे पडलं आणि हळूहळू कुमारवयात येऊन थांबलं. आमच्याकडे अंतराची अडचणही पुढे सरली. ५ जुलै २००५ रोजी, तोवर आम्ही ज्यात होतो त्या पुणे धर्मप्रांतापासून वेगळा सिंधुदुर्ग धर्मप्रांत झाला, ॲल्विन बरेटो पहिले बिशप झाले आणि सावंतवाडीचं मिलाग्रिस चर्च कॅथेड्रल झालं. आता बिशप जिल्ह्यातच आहेत.

परवा तेर्स संपल्यावर मुलाने विचारलं, "मम्मी, बाप्तिस्म्याला माझ्या वतीने तुम्हीच 'हो' म्हणालात. आता मी 'नाही' म्हटलं तर?" सासूबाईंचा चेहरा उतरला. मी त्याला म्हटलं, तर थांबू. बिशप पुन्हा येतील. नव्या विधीत मुलं बाप्तिस्म्याची वचनं स्वतःच्या तोंडाने पुन्हा देतात, आणि ती देणाऱ्याला नकाराचीही मोकळीक हवी. आठ वर्षांच्या सासूबाईंना असा प्रश्न सुचणं शक्य नव्हतं. वय वाढलं ते रोममधल्या एका वेगळ्याच निर्णयामुळे, पण त्यातून मुलाला स्वतःचं उत्तर द्यायची संधी मिळाली. माझ्या मते गेल्या शंभर वर्षांत या संस्काराच्या बाबतीत घडलेली ही सर्वांत चांगली गोष्ट.

राहिला पादरिन, म्हणजे धर्मपिता. तेल लावताना मुलाच्या खांद्यावर उजवा हात ठेवून तो मागे उभा राहतो. आईबापांना ते करता येत नाही, नियमच आहे. जुन्या संहितेप्रमाणे तो बाप्तिस्म्याच्या पादरिनापेक्षा वेगळा लागायचा. १९८३ची संहिता म्हणते, शक्यतो तोच असावा. आमच्याकडे बाप्तिस्म्याचा पादरिन बहुधा मुंबईला किंवा आखातात, सणाला भेट पाठवणारा. तो येऊ शकत नसेल तर आईवडिलांनो, फोटोत शोभणारा पाहुणा शोधू नका. रविवारी मिसनंतर तुमच्या मुलाशी दोन शब्द बोलेल, त्याचे अवघड प्रश्न ऐकून घेईल, असा गावातलाच माणूस निवडा, आणि सूट शिवायला टाकण्याआधी निवडा.