हिमालयाचा बर्फ आणि वऱ्हाडचें मडकें

वैशाखाच्या भर दुपारीं यवतमाळहून धामणगांवकडे जाणारी सडक बाभुळगांवच्या आसपास निर्मनुष्य होते. पऱ्हाटी उपटून मोकळी झालेली काळी जमीन भेगाळते, पारा ४४-४५ अंशांवर चढतो आणि गुरेंढोरेंही निंबाची सावली सोडीत नाहींत. अशा वेळीं बर्फाच्छादित पर्वतांच्या पायथ्याशीं राहणारांचा हेवा वाटणें साहजिक आहे. शेजारीं हिमालय असता तर हा दाह सोसावा लागला नसता, असें कोणाच्याही मनांत येईल. इतिहासाची साक्ष मात्र निराळी आहे.

मराठी फौजा हिमालयाच्या दिशेनें जाऊन आल्या, त्याही ऐन उन्हाळ्याच्या तोंडीं. एप्रिल १७५८ मध्यें रघुनाथराव पेशवे आणि मल्हारराव होळकर लाहोरांत शिरले. अदीना बेगानें शालिमार बागेंत त्यांचा सत्कार केला आणि कारंजांतून गुलाबपाणी उडविलें, असें वर्णन आढळतें. लाहोरच्या उत्तरेस हिमाचलाच्या रांगा आहेत खऱ्या. पण शहर समुद्रसपाटीपासून अवघ्या सातशें फुटांवर आहे. हवा वर चढतां चढतां दर हजार मीटरांस सुमारें साडेसहा अंशांनीं थंड होते. डोंगर उतरून खालीं येणारी हवा दाबानें तापत जाते. त्यामुळें शिखराची थंडी शिखरावरच राहते आणि पायथ्याचें मैदान वऱ्हाडासारखेंच भाजून निघतें. तेथेंही थंडावा हवा असेल, तर तो वाहून आणावा लागतो.

तो कसा आणीत, हें अबुल फजलानें ‘आइन-इ-अकबरी’ ग्रंथांत लिहून ठेवलें आहे. पूर्वीं अकबराचें पिण्याचें पाणी सोऱ्याच्या द्रावणांत सुरई फिरवून गार करीत. १५८५ सालानंतर दरबार पंजाबांत आला, तेव्हां उत्तरेकडील डोंगरांतून बर्फ येऊं लागला. त्यासाठीं दहा नावा राबत. प्रत्येक नावेवर चार नावाडी असत आणि रोज एक नाव राजधानीस लागे. उन्हाळ्यांत इतर लोकही बर्फ वापरीत. उमरावांना मात्र तो बाराही महिने लागे. याच ग्रंथांत वऱ्हाड सुभ्याच्या सरकारांची, म्हणजे मुलकी विभागांची, यादी आहे आणि तींत बाभुळगांवच्या शेजारचें कळंब आहे. त्या सरकारचा वसूल बादशाही दप्तरांत नोंदला गेला. बादशाही बर्फ मात्र कळंबपर्यंत येणें शक्यच नव्हतें.

पुढें साहेबाचें राज्य आलें, तरी रीत तीच राहिली. १८३३ सालीं फ्रेडरिक ट्यूडर नांवाच्या बोस्टनच्या व्यापाऱ्यानें अमेरिकेच्या तळ्यांतला १८० टन बर्फ जहाजानें कलकत्त्यास पाठविला. चार महिन्यांच्या प्रवासांत बराच वितळला. तरी उरला तो शंभर टनांच्या घरांत होता. हिमालयापेक्षां बोस्टन जवळचें ठरलें, कारण समुद्राची वाट स्वस्त होती. ज्यांना बर्फ आणणें पुरेसें वाटलें नाहीं, ते स्वतःच थंडीकडे गेले. चिखलदऱ्याचें पठार कोरकूंना पिढ्यान् पिढ्या ठाऊक होतें. १८२३ सालीं कॅप्टन रॉबिन्सन यानें तें इंग्रजांच्या दृष्टीस आणलें आणि सुमारें ३,६०० फूट उंचीवर वऱ्हाडांतील साहेबांचें उन्हाळी ठिकाण झालें. १८६४ पासून हिंदुस्थान सरकारच उन्हाळ्यांत सिमल्यास जाऊं लागलें. १९०३ सालीं वऱ्हाड मध्यप्रांतास जोडला गेला. त्या प्रांताचे अधिकारी पचमढी गांठीत. कापूस मात्र खालींच पिकत होता आणि तो पिकविणारा कुणबी व मजूरही खालींच होता.

त्याचा थंडावा कोणता? जाड मातीच्या भिंती, वर धाबें किंवा कवेलू, पुढें ओसरी, दारांत निंब आणि कोपऱ्यांत मडकें. मडक्याच्या सूक्ष्म छिद्रांतून पाणी पाझरतें, कोरड्या वाऱ्यानें त्याची वाफ होते आणि ती वाफ होतांना आंतली उष्णता घेऊन जाते. एक ग्रॅम पाण्याची अशी वाफ होण्यास सुमारें ५८० कॅलरी उष्णता लागते. वाळ्याच्या ताटीचें तत्त्व हेंच. मनुष्याचें शरीरही याच न्यायानें स्वतःस राखतें. घाम वाळतो तोंवर तें तगतें. मडक्यांत पाणी नसेल तर तें थंड होत नाहीं, आणि माणसास पाणी मिळालें नाहीं तर तो वांचत नाहीं.

म्हणूनच वैशाखांत पाणपोई घालणें आणि अक्षय तृतीयेस उदककुंभाचें दान करणें हें पुण्य मानलें गेलें. परंतु त्या पुण्याची धार सर्वांच्या ओंजळींत सारखी पडत नव्हती. सार्वजनिक तळ्याचें पाणी पिण्याच्या हक्कासाठीं २० मार्च १९२७ रोजीं डॉ. आंबेडकरांना महाडास सत्याग्रह करावा लागला. ज्या देशांत उन्हाळा असा, त्या देशांत पाणी नाकारणें हा केवळ अपमान नव्हे; तो जिवावरचा प्रसंग आहे.

असे प्रसंग किती आले, हें दप्तरें सांगत नाहींत. १८९९-१९०० च्या छप्पनच्या दुष्काळांत वऱ्हाडचीं माणसें भर उन्हांत सरकारी कामांवर खडी फोडीत होतीं. मृत्यूच्या नोंदींत पटकी, देवी, ताप, हगवण अशीं सदरें होतीं. उन्हाचें सदर नव्हतें. जो ऊन लागून पडला तो बहुधा तापाच्या सदरांत गेला. हा हिशेब नीट मांडण्याचा एक मोठा प्रयत्न अहमदाबादेनें केला. मे २०१० मधील मृत्यू इतर वर्षांच्या त्याच महिन्याशीं ताडून पाहतां सुमारें तेराशें मृत्यू अधिक झाल्याचें दिसून आलें आणि २०१३ सालीं त्या शहरानें उष्णतेशीं मुकाबल्याची योजना आंखली. तींतले उपाय आगाऊ सूचना, पिण्याचें पाणी, सावली आणि दुपारच्या कामास विश्रांति असे आहेत.

आज बर्फाचे डोंगरही निश्चिंत नाहींत. हवामानखातें उष्णतेची लाट ठरवितांना मैदानांत किमान ४० अंश, तर डोंगराळ भागांत किमान ३० अंश तपमान धरतें. म्हणजे तेथेंही लाट येते. मार्च २०२२ हा भारतांतील १९०१ पासूनचा सर्वांत उष्ण मार्च ठरला आणि ७ मे २०२२ रोजीं हुंझा खोऱ्यांत शिस्पर हिमनदीचें तळें फुटून हसनाबादचा पूल वाहून गेला.

बाभुळगांव तालुक्यांत बेंबळा नदीवर आतां धरण झालें आहे. पण बांधाआड सांठलेलें पाणी वखर हांकणाराच्या व धुऱ्यावर राबणाऱ्या बाईच्या हातीं वेळेवर पडेल तेव्हांच तें उपयोगी. बादशहास नावाड्यांच्या श्रमानें बर्फ मिळाला, साहेबास डोंगर मिळाला. मजुरास दुपारची चार तासांची सुटी आणि भरलेलें मडकें मिळालें, तरी वैशाख निभावतो. सुटीमुळें त्याची त्या दिवसाची मजुरी बुडूं नये, एवढी व्यवस्था मात्र अद्याप व्हावयाची आहे.