अन्नपूर्णा महिला मंडळ

मुंबईच्या गिरणगावात घरगुती खाणावळी चालविणाऱ्या स्त्रियांची संघटना. गोवा मुक्तिसंग्रामात भाग घेतलेल्या व पुढे मुंबईच्या कामगार चळवळीत कार्य करणाऱ्या प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये ती स्थापन केली. ज्या स्त्रियांच्या श्रमांची नोंद गिरणीच्या हजेरीपटावर नव्हती आणि कामगार संघटनांच्या दप्तरातही नव्हती, त्यांना एकत्र आणणारी ही पहिली उल्लेखनीय संस्था होय.

खाणावळीची परंपरा गिरण्यांइतकीच जुनी आहे. कावसजी दावर यांनी १८५४ मध्ये मुंबईतील पहिली कापड गिरणी स्थापन केली. त्यानंतरच्या काळात रत्नागिरी, सातारा, कोल्हापूर इ. जिल्ह्यांतून कामगारांचा ओघ शहराकडे सुरू झाला. बहुतेक पुरुष बायकामुले गावी ठेवून येत. एकेका खोलीत अनेकजण राहत; एक पाळी कामावर गेली की दुसरी तेथेच पथारी पसरी. त्यांच्या दोन वेळच्या जेवणाची सोय चाळीतीलच एखादी बाई करी. अनेकदा ती त्यांच्याच गावची किंवा नात्यातली असे. पहाटे उठून भाकऱ्या थापावयाच्या, पाळीप्रमाणे डबे भरावयाचे, दुपारी धान्य निवडावयाचे व रात्रपाळीच्या माणसांसाठी पुन्हा चूल पेटवावयाची, असा तिचा दिनक्रम असे. गिरण्यांतील स्त्री-कामगारांची संख्या घटत गेल्यावर या व्यवसायाचे महत्त्व आणखी वाढले. १९२०–३० च्या दशकात एकूण कामगारांत स्त्रियांचे प्रमाण पाचव्या हिश्श्याहून अधिक होते. ‘रॅशनलायझेशन’ म्हणजे यंत्रे व मनुष्यबळ यांची काटकसरीची फेररचना सुरू झाल्यावर प्रथम गदा आली ती त्यांच्यावर. काम सुटलेल्या, विधवा वा परित्यक्ता स्त्रीला खाणावळ हाच हाताशी असलेला धंदा होता.

या धंद्याचे अर्थकारण विलक्षण होते. जेवणारे महिन्याच्या पगारावर पैसे देत. धान्य, तेल व सरपण मात्र रोज लागे. मधले दिवस निभावून नेण्यासाठी बाई किराणा दुकानदाराची उधारी करी, सावकाराकडून जबर व्याजाने रक्कम उचली किंवा अंगावरचे डाग गहाण ठेवी. संप झाला की जेवणाऱ्यांची बाकी थकत जाई. तरीही ताट बंद होत नसे. मुंबईतील दीर्घकाळ चाललेल्या गिरणी संपांच्या इतिहासात पुढाऱ्यांची भाषणे व मोर्चे यांचे वर्णन सविस्तर येते. ते संप ज्या उधारीच्या भाकरीवर तगले, तिचा उल्लेख मात्र त्यांत क्वचितच आढळतो.

१९६९ मध्ये १४ मोठ्या बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले आणि १९७२ मध्ये दुर्बल घटकांना द.सा.द.शे. ४ दराने कर्ज देण्याची योजना आली. कागदोपत्री या स्त्रिया तिच्या कक्षेत बसत होत्या. प्रत्यक्षात त्यांच्यापाशी तारण नव्हते, जामीन नव्हता, अनेकींना सहीही करता येत नव्हती. सोय अशी निघाली, की शेजारणींनीच एकमेकींची हमी घ्यावी. प्रारंभी १४ स्त्रियांना प्रत्येकी १,५०० रुपये मिळाले. रक्कम लहान असली, तरी तिने दुकानदाराच्या वहीतून नाव कमी करता येत होते.

येथे तारणाची जागा ओळखीने घेतली. कोणती बाई पहाटे चूल पेटवते, कोणाचा नवरा दारू पितो, कोणाच्या घरी आजारपण आहे, हे ज्या नळावर पाणी भरताना ठाऊक होई, तेच ज्ञान आता कर्जाच्या शिफारशीला उपयोगी पडू लागले. हप्ता थकला, की वसुलीस शेजारीण जाई. आणि ती जात असल्यामुळेच थकण्याचे कारणही तिला कळे. नवऱ्याची मारहाण, मुलीचे शिक्षण, दवाखाना असे विषय हप्त्याच्या निमित्ताने बैठकींत येऊ लागले. एकीची हमी दुसरीवर असल्याने शेजारधर्माला काहीसा जाचही आला असणार. परस्पर-हमीच्या सर्वच योजनांचा हा दोष आहे. सावकाराच्या जाचाशी मात्र त्याची तुलना होऊ शकत नाही.

अहमदाबाद येथे इला भट्ट यांनी १९७२ मध्ये ‘सेवा’ ही संघटना व १९७४ मध्ये तिची बँक स्थापन केली होती. बांगला देशातील ग्रामीण बँकेचा प्रयोग १९७६ चा. मुंबईतील हे कार्य त्याच्या अगोदर सुरू झाले, ही गोष्ट लघुवित्ताच्या इतिहासलेखनात बहुधा सुटून जाते.

मंडळाची खरी कसोटी १८ जानेवारी १९८२ रोजी दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुरू झालेल्या संपाने घेतली. सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले. संप अधिकृतपणे कधीच मागे घेतला गेला नाही. हजारो कामगार गावी परतले व त्यांतील अनेक पुन्हा आले नाहीत. पूर्वीच्या संपांत बाकी थकत असे. या वेळी बाकी फेडणारा माणूसच निघून गेला. एकाच प्रकारच्या गिऱ्हाइकावर उभा असलेला धंदा त्यामुळे मोडकळीस आला. पुढे गिरण्यांच्या जमिनींवर कार्यालये व उंच निवासी इमारती उभ्या राहिल्या. त्यांतील नव्या वस्तीला दरमहा पैसे देऊन जेवण्याची खाणावळ नको होती.

मंडळाने सभासदत्व खाणावळवाल्यांपुरते मर्यादित ठेवले नाही, तसेच सामुदायिक स्वयंपाकघरातून मागणीनुसार जेवण पुरविण्याचे काम हाती घेतले. नवी मुंबईत वाशी येथे त्याचे केंद्र उभे राहिले. १९९३ पासून पुण्यात प्रेमा पुरव यांच्या कन्या मेधा सामंत यांनी वस्त्यांतील स्त्रियांमध्ये याच धर्तीचे काम ‘अन्नपूर्णा’ याच नावाने सुरू केले. त्यात भाजी विकणाऱ्या, घरकाम करणाऱ्या व अन्य स्वयंरोजगारी स्त्रिया आल्या. प्रेमा पुरव यांना २००२ मध्ये पद्मश्री हा किताब देण्यात आला.