एका ल.सा.वि.ची गोष्ट

ल.सा.वि. शिकवताना 'याचा उपयोग काय?' हा प्रश्न वर्गातून हमखास येतो. मग आपण ठरावीक वेळाने वाजणाऱ्या घंटांची किंवा फरश्या बसवण्याची नेहमीची उदाहरणे देतो. त्यांत आणखी एका उदाहरणाची भर घालता येईल. जगातल्या बहुतेक मोठ्या दुर्बिणींची निरीक्षणे आज ज्या स्वरूपात साठवली जातात, त्याच्या मुळाशी एक ल.सा.वि. आहे. या स्वरूपाचे नाव 'फिट्स'. चित्रांची ने-आण करण्याची लवचीक पद्धत, असा त्याच्या इंग्रजी नावाचा अर्थ.

फीत पोचली, मजकूर पोचला नाही

१९७० च्या दशकात खगोलशास्त्रज्ञांच्या हाती दोन प्रकारची चित्रे येऊ लागली होती. अमेरिकेत ॲरिझोना राज्यातील किट पीक वेधशाळा दृश्य प्रकाशातील चित्रे घेत होती. नेदरलँड्समधील वेस्टरबोर्क येथील रेडिओ दुर्बीण रेडिओ लहरींतून आकाशाचे नकाशे बनवत होती, आणि न्यू मेक्सिकोत 'व्हेरी लार्ज ॲरे' ही २७ ॲन्टेनांची दुर्बीण उभी राहत होती. एकाच दीर्घिकेची ही दोन्ही चित्रे एकमेकांवर ठेवून पाहिली, तर रेडिओ लहरी नेमक्या कुठून येतात ते कळणार होते. त्यासाठी चित्रांच्या चुंबकीय फिती एका संस्थेतून दुसरीकडे न्यायच्या होत्या.

अडचण फीत पोचल्यावर सुरू होई. संगणक आकडे शून्य आणि एक या बिटांत लिहितो हे खरे, पण किती बिटांचा एक आकडा मानायचा, हे त्या काळी प्रत्येक कंपनी आपापले ठरवी. आयबीएमच्या मोठ्या यंत्रांत हा 'शब्द' ३२ बिटांचा होता, डीईसीच्या मोठ्या यंत्रांत ३६ बिटांचा, सीडीसीच्या यंत्रांत ६० बिटांचा, तर लहान यंत्रांत १६ बिटांचा. ऋण संख्या लिहिण्याच्या रीती वेगळ्या होत्या. अक्षरांसाठीचे संकेतही वेगळे होते. त्यामुळे फितीवरचे बिट न चुकता वाचता येत, पण त्यांचा अर्थ लागत नसे.

मग प्रत्येक जोडीसाठी भाषांतर करणारा वेगळा प्रोग्रॅम लिहावा लागे. दहा संस्था असतील तर प्रत्येकीला इतर नऊ जणींची भाषा कळायला हवी, म्हणजे १० × ९ = ९० प्रोग्रॅम. मध्ये एक सामाईक भाषा ठेवली, तर प्रत्येकीने त्या भाषेत लिहिणारा एक आणि त्यातून वाचणारा एक असे दोनच प्रोग्रॅम करायचे. एकूण २०.

२८८० कुठून आले?

मार्च १९७९ मध्ये किट पीकचे डॉन वेल्स आणि अमेरिकेच्या राष्ट्रीय रेडिओ खगोलशास्त्र वेधशाळेचे एरिक ग्राइसेन यांनी अशा सामाईक भाषेचा आराखडा तयार केला. वेस्टरबोर्कचे रोनाल्ड हार्टेन हेही त्यात होते. तिघांचा शोधनिबंध १९८१ मध्ये प्रसिद्ध झाला आणि १९८२ मध्ये आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्र संघटनेने ही पद्धत वापरण्याची शिफारस केली.

फितीवर माहिती ठोकळ्याठोकळ्यांनी लिहिली जाते. ठोकळा केवढा असावा? त्यात १६, ३२, ३६, ६० बिटांचे शब्द पूर्ण संख्येत बसायला हवेत, नाहीतर कुठल्यातरी यंत्रावर शेवटचा शब्द अर्धवट तुटेल. बाजारात मिळणाऱ्या यंत्रांचे शब्द ६, ८, १२, १६, १८, २४, ३२, ३६, ४८, ६० आणि ६४ बिटांचे होते. यांचा ल.सा.वि. मुलांना काढायला सांगा. मूळ अवयव पाडले की ६४ मधून सहा वेळा २, ३६ मधून दोन वेळा ३ आणि ६० मधून एक ५ मिळतो. ६४ × ९ × ५ = २८८०. म्हणजे २८८० बिट, किंवा ३६० बाइट.

आणखी एक अट होती. मजकुराची ओळ ८० अक्षरांची ठेवायची, कारण आयबीएमच्या छिद्रपत्रावर ८० स्तंभ असत आणि सगळे प्रोग्रॅमर त्याच मापाला सरावले होते. ३६० आणि ८० यांचा ल.सा.वि. ७२०. गणिताच्या दृष्टीने ७२० बाइटांचा ठोकळाही चालला असता. पण फितीवर दोन ठोकळ्यांमध्ये रिकामी जागा सोडावी लागते, त्यामुळे ठोकळे लहान ठेवले की फीत वाया जाते. प्रत्यक्षात ७२० ची चौपट घेतली गेली : २८८० बाइट, म्हणजे ८० अक्षरांच्या बरोबर ३६ ओळी. ६० बिटांची यंत्रे आणि छिद्रपत्रे केव्हाच गेली. फिट्स फाइलचा ठोकळा मात्र आजही २८८० बाइटांचाच आहे.

फाइलीच्या सुरुवातीला साध्या अक्षरांत एक शीर्षक असते. फाइल नियमानुसार आहे का, एका आकड्यासाठी किती बिट वापरले, चित्राच्या मिती किती, प्रत्येक मितीत किती बिंदू, हे तिथे ओळीओळीने लिहिलेले असते. दुर्बीण कोणती, निरीक्षण कोणत्या तारखेचे, हेही नोंदवता येते. नंतर 'एंड' अशी ओळ येते आणि पुढच्या ठोकळ्यापासून आकडे सुरू होतात.

शीर्षक अक्षरांत लिहिण्याचा फायदा काय, हे एका ताऱ्यावरून समजेल. फेब्रुवारी १९८७ मध्ये शेजारच्या मोठ्या मॅगेलनी मेघात अतिनवतारा दिसला. स्फोटापूर्वी तिथे कोणता तारा होता? जुन्या छायाचित्रांच्या काचा काढून पाहिल्यावर तो सापडला. काच उजेडासमोर धरली की डोळ्यांना दिसते, चुंबकीय फितीचे तसे नाही. तिच्यावरचे आकडे कसे वाचायचे हे तिच्यावरच लिहिलेले नसेल, तर लिहिणारा माणूस निवृत्त झाल्यावर ती फीत मुकी होते. खगोलशास्त्रात प्रयोग पुन्हा करता येत नाही. कालचे आकाश आज पुन्हा टिपता येत नाही, त्यामुळे जुनी नोंद गेली की ती कायमची जाते.

वचन आणि त्याचा भार

म्हणून फिट्सच्या कर्त्यांनी एक नियम घातला : एकदा फिट्स, ते कायम फिट्स. पुढे काहीही नवे आणले, तरी जुनी फाइल चुकीची ठरता कामा नये. पुढे दशांश अपूर्णांकातील आकडे आले, तक्ते आले, नियमांची नवी आवृत्ती २०१६ मध्ये संमत झाली, पण जुन्या फाइली वाचता येतातच.

असे वचन फुकट पाळता येत नाही. तारखेचेच पाहा. सुरुवातीला दिवस, महिना आणि वर्षाचे शेवटचे दोन आकडे लिहीत. सन २००० जवळ आले तेव्हा ही पद्धत अपुरी पडणार हे उघड होते. १९९७ मध्ये चार आकडी वर्ष आधी लिहिण्याची पद्धत ठरली. पण जुन्या फाइली तशाच राहणार होत्या, म्हणजे वाचणाऱ्याला दोन्ही रीती कळायला हव्यात. अशा पन्नास बारकाव्यांचा अभ्यास प्रत्येक संशोधकाने करायचा का?

इथे 'लायब्ररी' उपयोगी पडते. संगणकाच्या भाषेत लायब्ररी म्हणजे एकदा नीट लिहून तपासलेल्या आज्ञावलींचा संच. आपल्या प्रोग्रॅममधून तिला हाक मारायची आणि काम करून घ्यायचे. नासाच्या गोडार्ड केंद्रातील विल्यम पेन्स यांनी फिट्ससाठी अशी लायब्ररी आधी फोर्ट्रान भाषेत लिहिली आणि १९९० च्या दशकातच ती 'सी' भाषेत नव्याने बांधली. तिचे नाव 'सीफिट्सआयओ'. फाइल उघड, शीर्षकातली ही ओळ दे, चित्र वाच, फाइल बंद कर, एवढेच तिला सांगायचे. ठोकळे मोजणे, बाइटांचा क्रम उलटवणे, संकुचित फाइल उलगडणे ही कामे ती आतल्या आत करते. ती आटोपशीर आहे, निरनिराळ्या यंत्रांवर चालते आणि विनामूल्य मिळते. त्यामुळे मोठ्या वेधशाळेतील तज्ज्ञ आणि एखाद्या महाविद्यालयातील एकटा विद्यार्थी एकच फाइल सारख्याच खात्रीने वाचू शकतात. वचन स्वरूपाने दिले आणि त्याचा भार लायब्ररीने उचलला, असे म्हणता येईल.

नारायणगाव आणि पुणे

या गोष्टीचा एक धागा आपल्याकडेही आहे. नारायणगावजवळ खोडद येथील जीएमआरटी दुर्बिणीची निरीक्षणे आधी तिच्या स्वतःच्या स्वरूपात नोंदवली जात आणि मग फिट्समध्ये बदलली जात, म्हणजे जगातल्या कोणत्याही संशोधकाला ती नेहमीच्या साधनांनी अभ्यासता येत. २००२ मध्ये खगोलशास्त्रीय तक्त्यांसाठी 'व्हीओटेबल' हे इंटरनेटच्या युगाला साजेसे स्वरूप पुढे आले. ते वाचण्या-लिहिण्याच्या काही लायब्रऱ्या पुण्यातच, आयुका आणि पर्सिस्टंट सिस्टिम्स यांच्या एकत्रित प्रकल्पात, तयार झाल्या. २०१५ मध्ये सोडलेल्या ॲस्ट्रोसॅट उपग्रहाची निरीक्षणेही फिट्स फाइलींतच मिळतात.

फिट्समध्ये उणिवा आहेत. शीर्षकातील नावाला आठच अक्षरांची मुभा ही छिद्रपत्राच्या काळातील काटकसर आज जाचते, आणि नवी स्वरूपे सुचवलीही गेली आहेत. पण खगोलशास्त्राबाहेर, व्हॅटिकनच्या ग्रंथालयाने आपल्या जुन्या हस्तलिखितांची संगणकीय चित्रे दीर्घकाळ टिकवण्यासाठी फिट्सचीच निवड केली, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

वर्गात यावरून एक उपक्रम करता येईल. शाळेच्या आवारात पाऊस मोजून महिनाभराचे नुसते आकडे एका कागदावर लिहा आणि दुसऱ्या वर्गाला द्या. त्यांना काय कळते ते पाहा. मग विचारा : हे आकडे तीस वर्षांनी कोणाला वापरायचे असतील, तर वर काय काय लिहायला हवे? एकक, ठिकाण, मोजण्याची वेळ, पर्जन्यमापकाचा प्रकार, तारीख लिहिण्याची रीत, नोंद राहून गेलेल्या दिवसाची खूण. मुले जी यादी करतील, ती फिट्सच्या शीर्षकाशी बरीच जुळेल.